कपाळावरच्या पट्ट्याने ध्यान मोजता येतं का?

पेडण्याचा_योगशिक्षक

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातला. हंगामात मांद्र्याला समुद्राजवळच्या एका रिट्रीट सेंटरवर योगाचे वर्ग घेतो. सेंटरचं नाव लिहीत नाही, मला तिथेच काम करायचं आहे.

यंदा मालकांनी मेंदूच्या लहरी टिपणारे पट्टे आणलेत. पट्टा कपाळावरून कानामागे जातो, मोबाइलला जोडला की रंगीत रेघा दिसू लागतात. पाहुण्याला आधी शांत बसवून आलेख घ्यायचा, मग माझा वर्ग. भस्त्रिका, त्यानंतर संगीताच्या तालावर बराच वेळ जोरजोरात श्वास, शेवटी शवासन. पट्टा अखेरपर्यंत चालूच. अ‍ॅपमध्ये 'थीटा' (मेंदूच्या मंद लहरींचा एक प्रकार) वर चढला की त्याला 'गहन ध्यानावस्था गाठली' असं छापील प्रमाणपत्र मिळतं आणि खाली माझी सही. त्याचे पैसे वेगळे.

मला हे खटकतं. शवासनात एक जण चक्क घोरत होता, त्याला त्या दिवशीचा सगळ्यांत चांगला आकडा मिळाला. आणि एक वयस्क जर्मन बाई येतात, कित्येक वर्षं विपश्यना करणाऱ्या. त्या ध्यानातून उठल्या तेव्हा बसणं चांगलं झालंय हे बघणाऱ्यालाही कळत होतं, पण आलेखात काहीच नाही. त्यांचा चेहरा पडला. 'मग इतकी वर्षं मी काय करत होते?' असं मला विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. लोणावळ्याला कैवल्यधामात योगाची प्रयोगशाळा बघितली आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 सालीच योग प्रयोगशाळेत नेला, याचा मला अभिमान आहे. म्हणून जाणकारांना विचारतो: मेंदूच्या लहरींवरून माणसाची जाणीव बदलली की नाही हे खरंच सांगता येतं का? आणि मी सही करावी का?

निवृत्त_तंत्रज्ञ_फोंडा

शिक्षकबाब, सही करू नका. आता कारणं सांगते. जरा लांबेल, पण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, काढण्यात गेली. सुरुवातीला शाईच्या पेनांचं मशीन होतं. कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकायचा, एका पानावर दहा सेकंद. नंतर सगळं कॉम्प्युटरवर आलं, पण डोळ्यांना तीच दहा सेकंदांची सवय राहिली. पेशंटला आदल्या दिवशी बजावून सांगायचं, केस धुऊन या, तेल लावू नका. तरी अर्धे लोक खोबरेल चोपडून यायचे. मग एकेक जागा स्पिरिटने पुसायची, खरखरीत जेलने घासायची, पेस्ट लावून एकवीस तारा मापून बसवायच्या. कारण डोक्यावर जी वीज मिळते ती व्होल्टच्या दहा-वीस लाखांश, फार तर शंभर लाखांश. एवढीशी वीज पकडायची तर संपर्क चोख हवा. तुमचा पट्टा घामेजलेल्या कपाळावर कोरडाच बसतो.

पण पट्टा स्वस्तातला आहे हा माझा मुख्य आक्षेप नाही. मुख्य आक्षेप तुमच्या वर्गाच्या क्रमाला आहे.

आमच्याकडे नेहमीच्या तपासणीत पेशंटला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. लहान मुलांच्या हातात कागदाची भिंगरी द्यायची आणि म्हणायचं, फुंकत राहा, थांबू नको. पहिल्या मिनिटात काही होत नाही. मग हळूहळू लहरी मंदावतात, उंच होत जातात. आधी थीटा, म्हणजे सेकंदाला चार ते आठ. मुलांत आणि तरुणांत त्याहून मंद डेल्टासुद्धा पानभर दिसतो. कारण अगदी साधं आहे. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लहरी मंदावतात. पेशंट उपाशी असेल, साखर उतरलेली असेल, तर हा परिणाम आणखी ठळक होतो. तुमचे पाहुणे सकाळी शहाळ्याच्या पाण्यावरच असतात ना? श्वास थांबवला की सगळं पूर्ववत.

म्हणजे मालकांचं अ‍ॅप ज्याला गहन ध्यान म्हणतं, ते आम्ही प्रत्येक शाळकरी मुलाच्या ईईजीत भिंगरी फुंकवून काढायचो. ती मुलं ध्यानात जात नव्हती. त्यांचे ओठ बधिर व्हायचे, बोटांना मुंग्या यायच्या आणि 'मॅडम, पुरे ना?' म्हणायची.

जोरात श्वास घेणाऱ्याला काही वेगळं जाणवतच नाही असं मी म्हणत नाही. जाणवतं, कुणी रडतं, कुणाला हलकं वाटतं, ते खरं आहे. पण तो थीटा त्या अनुभवाची पावती नाही.

आता घोरणारे गृहस्थ. डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागावर अल्फा येतो, सेकंदाला आठ ते तेरा. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि 1929 मध्ये ती छापली, तेव्हा त्यांना हीच लहर दिसली होती. डोळे उघडले की ती जाते. माणूस पेंगायला लागला की अल्फा तुटतो, बुबुळं पापणीआड सावकाश डोलतात आणि थीटा येतो. डुलकीची पहिली पायरी ती हीच. अ‍ॅपला डुलकी आणि ध्यान यांतला फरक कळत नाही, कारण ते फक्त थीटा किती हे मोजतं, तो कुठे उगवला, कशानंतर आला आणि सोबत काय होतं हे बघत नाही. आम्ही हे सगळं बघायचो, शिवाय पेशंटला हाक मारायचो. 'झोपलात का?' असं विचारून कागदावर पेन्सिलीने वेळ लिहायची. ती पेन्सिलीची खूण नसेल तर अर्ध्या ईईजीचा अर्थच लागत नाही.

त्यात गोव्याची हवा. घाम आला की रेघ संथ वरखाली होते आणि हुबेहूब मंद लहरीसारखी दिसते. एप्रिल-मे महिन्यांत एसी बंद पडला की आम्ही काम थांबवायचो. पापणी लवली की कपाळाच्या तारांत मोठा मंद ठोका उमटतो. दात आवळले, कपाळाला आठी पडली की भराभर बारीक लहरी, त्यांना अ‍ॅप बीटा किंवा गॅमा म्हणणार. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना पूर्ण जागं ठेवून औषधाने त्यांचे स्नायू तात्पुरते लुळे केले आणि ईईजी काढला. 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सेकंदाला वीसच्या वरचा बहुतेक सगळा भाग उतरला. म्हणजे डोक्याच्या कातडीवर ज्याला आपण मेंदूची वेगवान लहर समजतो, त्यातलं बरंचसं कपाळ, मान आणि जबड्याच्या स्नायूंचं असतं.

आणि त्या जर्मन बाईंना काय सांगायचं? त्यांना हे सांगा. 1955 मध्ये दास आणि गॅस्टो या दोघांनी कलकत्त्याच्या योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले, त्यांत खोल ध्यानात लहरी वेगवान झालेल्या दिसल्या. 1961 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांचा अभ्यास केला, त्यांत मोठ्ठा ठळक अल्फा दिसला. समाधीत बसलेल्यांवर प्रकाश टाकला, आवाज केला, गरम काचनळी टेकवली, तरी तो तुटेना. दोघांनी तर हात चार अंशांच्या थंडगार पाण्यात पाऊण तासाहून जास्त ठेवला आणि अल्फा तसाच. मग 1966 मध्ये जपानात कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांना टिकटिक आवाज ऐकवला. त्यांचा अल्फा प्रत्येक टिकटिकीला तुटायचा आणि पुन्हा जमायचा, शेवटच्या आवाजालाही पहिल्यासारखाच. साध्या माणसाला तो आवाज सवयीचा होऊन जातो, यांना झाला नाही. एकाला जग बाहेर ठेवायचं होतं, दुसऱ्याला प्रत्येक क्षण नव्याने ऐकायचा होता. दोघेही ध्यानातच होते. मग 'थीटा चढला म्हणजे ध्यान' हा नियम कुणी ठरवला? विपश्यनेत बाई जागं राहून बघत बसतात. त्यांच्यात थीटा न चढणं हे काही उणेपण नाही. शिवाय त्यांचा अल्फा वाढला असेल तर तो मुख्यतः डोक्याच्या मागे असणार, जिथे पट्ट्याला टोकच नाही. कानामागच्या टोकांना त्यातलं थोडंफार पोहोचतं, तेवढंच.

बंद देवळाबाहेर उभं राहिलं तर आत आरती चालू आहे की संपली हे कळतं, पण कोण देवाकडे काय मागतंय ते कळत नाही. ईईजीचं तसंच आहे. झोप, फिट, बेशुद्धी, गुंगी या गोष्टी तो सांगतो आणि चांगल्या सांगतो, कारण तिथे पडताळायला दुसरं काहीतरी असतं. हाक मारली तर माणूस ओ देतो का, हात हलवतो का, नंतर आठवतं का. ध्यानात पडताळा एकच, त्या माणसाचं स्वतःचं सांगणं. आणि तुमच्याकडे तर ते कुणी विचारतच नाही.

भूलतज्ज्ञ_मडगाव

ताईंनी जे लिहिलं त्याला ऑपरेशन थिएटरमधून थोडी भर घालतो.

आमच्याकडे कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून भुलीची खोली दाखवणारं यंत्र असतं, बीआयएस. शून्य ते शंभर आकडा, चाळीस ते साठ म्हणजे ऑपरेशनला योग्य भूल. त्यामागे पुष्कळ चाचण्या आहेत. तरीही आम्ही एकट्या त्या आकड्यावर विसंबत नाही आणि त्याला कारण केटामाइन हे भुलीचं औषध आहे. ते दिलं की पेशंट हाकेला ओ देत नाही, चिरलं तरी कळत नाही, जाणीव साफ बदललेली असते. पण आकडा खाली येत नाही, उलट कधी कधी वर जातो. प्रोपोफॉल या दुसऱ्या भुलीच्या औषधावर याच्या उलट. आकडा उतरतो आणि कपाळावर संथ लहरींच्या जोडीला सुरेख ठळक अल्फा दिसतो. म्हणजे कपाळावर भरपूर अल्फा असलेला माणूस गाढ भुलीतही असू शकतो. हृदय बंद पडून मेंदूला इजा झालेल्या काही पेशंटांमध्ये कोमातही अल्फाच दिसतो, फक्त तो डोकंभर पसरलेला असतो आणि टाळी वाजवा, चिमटा काढा, बदलत नाही. अल्फा म्हणजे शांती असं मांडणाऱ्या प्रत्येकाला तो आलेख दाखवावासा वाटतो.

या क्षेत्रात मला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं काम इटलीतल्या मासिमिनी यांच्या गटाचं. ते नुसत्या लहरी बघत बसत नाहीत. डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका देतात आणि त्याचा पडसाद मेंदूत किती पसरतो, किती गुंतागुंतीचा असतो हे ईईजीवर मोजतात. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉलखाली पडसाद साधा असतो आणि लगेच विरतो. जागेपणी आणि स्वप्नाच्या झोपेत गुंतागुंतीचा असतो. केटामाइनखाली माणूस बाहेरून बेशुद्ध असतो, पण पडसाद जागेपणासारखाच मिळाला. शुद्धीवर आल्यावर त्या लोकांनी लांबलचक स्वप्नं सांगितली. इथेही शेवटी त्यांना विचारावंच लागलं.

साळ_गावकर

मी डिचोली तालुक्यातल्या साळचा. विषय जवळचा वाटला म्हणून लिहितो.

शिगम्याला आमच्या गावात तीन रात्री गडे पडतात. ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहेच. व्रत पाळणारे गावचेच पुरुष, वाद्यं वाजायला लागली की भार येतो, म्हणजे अंगात येतं, आणि अंधारात देवचाराच्या (गावच्या राखणदाराच्या) दिवट्यांमागे धावत सुटतात. काही जण त्या रात्री परतत नाहीत, दुसऱ्या रात्री इतर गडे त्यांना घेऊन येतात. काट्याकुट्यांतून, दगडांवरून अनवाणी. मी लहानपणापासून बघतो. माझ्या घरातले गडे झालेत.

मागे एक शिकणारा मुलगा बाहेरून आला होता. असाच पट्टा गड्यांच्या डोक्याला बांधायचा, म्हणाला. भार खरा की नाटक ते कळेल. वडीलधाऱ्यांनी नकार दिला आणि मीही त्यांच्याच बाजूने उभा राहिलो. पण तेव्हापासून मनात प्रश्न आहे. बांधला असता तर कळलं असतं का?

निवृत्त_तंत्रज्ञ_फोंडा

गावकरबाब, नकार दिलात ते योग्यच केलंत. त्या प्रश्नाचं उत्तर त्या पट्ट्याकडे नव्हतंच.

धावणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा आलेख म्हणजे मानेचे स्नायू, घाम आणि तारांचे हिसके. त्यातून काही काढायचं तर फार तयारी लागते. ती एकदा जपानी संशोधकांनी केली होती, 2002 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बालीत देवळाच्या विधीनाट्यात लोकांच्या अंगात येतं. तिथे त्यांनी बिनतारी यंत्र बनवून नेलं, माणसांना मोकळेपणी वावरू दिलं आणि विधी चालू असतानाच नोंद घेतली. नोंद घेतलेल्यांपैकी एकाच्याच अंगात आलं. त्याच्या थीटा आणि अल्फा दोन्ही वाढल्या होत्या. फिटसारखं काही दिसलं नाही. नोंद एकाच माणसाची आहे, त्यावरून साळच्या गड्यांबद्दल काही बोलता येणार नाही, पण एवढं कळतं की असं काम गावाला विश्वासात घेऊन, त्यांच्या विधीला धक्का न लावता होऊ शकतं.

'खरा की नाटक' हा प्रश्नच मला मान्य नाही. हॉस्पिटलात व्हिडिओसकट ईईजी काढताना मी अशा बायका पाहिल्यात ज्यांचे डोळे मिटलेले, हातपाय झाडतायत, हाकेला ओ नाही, आणि आलेखात मात्र जागेपणाचा नीटस अल्फा. नातेवाईक लगेच म्हणायचे, 'बघा, ढोंग करते.' ढोंग नाही ते. फिट नाही एवढंच त्याने सिद्ध होतं आणि तेही फार मोठं काम आहे, कारण मग उगाच फिटच्या गोळ्या सुरू होत नाहीत. पण मन ज्या कारणाने असं निसटतं ते कारण खरं असतं, त्रास खरा असतो. कित्येकींना नंतर आठवतही नसे. आलेखाचा असा वापर करून एखाद्या बाईला खोटी ठरवलेलं मी पाहिलंय आणि तेव्हा मला फार राग आला होता.

आणि या विषयावर आपल्या गोव्याचा एक माणूस दोनशे वर्षांपूर्वी बोलून गेलाय. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, 1945 सालचा. पुढे झुकून हात पसरलेले फारिया आणि समोर कलणारी बाई. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेले हे पाद्री 1813 मध्ये पॅरिसमध्ये मोहनिद्रेवर (हिप्नॉटिझमवर) व्याख्यानं देऊ लागले. तेव्हाचे लोक मानत होते की मोहिनी घालणाऱ्याच्या हातातून काही चुंबकीय द्रव वाहतो. फारिया म्हणाले, तसं काही वाहत नाही. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं, त्याची एकाग्रता आणि अपेक्षा यांतून. आज मोहनिद्रेतल्या माणसांचे ईईजी काढतात तेव्हा झोपेचे आलेख मिळत नाहीत, जागेपणाचेच मिळतात. आणि 'ही पाहा मोहनिद्रेची लहर' असं बोट ठेवून दाखवता येईल अशी एकही लहर ठरलेली नाही.

शिक्षकबाब, फारियांचं म्हणणं तुमच्या पट्ट्याला तंतोतंत लागू पडतं. पाहुण्याला रंगीत रेघ दाखवून 'तुम्ही गहन अवस्थेत गेलात' म्हटलं की त्या वाक्याचाच परिणाम होतो. पुढच्या वेळी तो आपल्या श्वासाकडे बघत नाही, रेघेकडे बघतो. आणि ज्या बाईला 'काहीच नाही' दिसलं, तिच्या मनावरही त्याच वाक्याचा उलटा परिणाम झाला. तिचं नुकसान झालंय, तिच्याशी नीट बसून बोला.

मालकांना पट्टे वापरायचेच असतील तर प्रमाणपत्र आणि आकड्यांची चढाओढ बंद करायला सांगा. एकाच माणसाची तुलना त्याच्याशीच करा, दुसऱ्याशी नाही. ठरलेल्या वेळी, पुष्कळ दिवस. ध्यानाच्या आधी तेवढाच वेळ डोळे मिटून नुसतं बसवा आणि एकदा मनातल्या मनात बेरजा करायला सांगून नोंद घ्या, म्हणजे ध्यानामुळे काय आणि नुसतं डोळे मिटल्याने काय ते वेगळं दिसेल. जोरात श्वास त्या दिवशी नको. उठल्यावर आलेख न दाखवता त्याच्या शब्दांत लिहून घ्या, झोप लागली होती का हेही विचारा. मग आलेख उघडा. आलेख बघणाऱ्याला कोणता तुकडा ध्यानाचा आणि कोणता बेरजांचा हे सांगू नका. एवढं करून काही दिसलं तर मला नक्की कळवा, मला मनापासून बघायला आवडेल. आणि पट्टा चार्जिंगला लावलेला असताना घालू देऊ नका, आलेखात घरच्या विजेची सेकंदाला पन्नासची गुणगुण शिरते, शिवाय ते सुरक्षितही नाही.

पेडण्याचा_योगशिक्षक

ताई, डॉक्टर, गावकरबाब, देव बरें करूं. सही करणार नाही हे ठरलं. मालकांशी उद्या बोलतो. बाईंना दिल्ली आणि जपानचं सांगितलं, त्यांनी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली होती, ताईंचं श्वासाबद्दलचं वाचून आठवली. आमच्या वर्गात एक मुलगा येतो, वीस-एकवीस वर्षांचा, इथलाच, सेंटरच्या किचनमध्ये कामाला आहे. जोरात श्वास चालू असताना तो मध्येच थांबतो. डोळे उघडे, नजर एका जागी, ओठ हलके चघळल्यासारखे हलतात. पाच-दहा सेकंद, कधी थोडं जास्त. मग पुन्हा श्वास सुरू करतो, जणू काही झालंच नाही. विचारलं तर म्हणतो, 'कुठे थांबलो?' मालक सगळ्यांना सांगतात की या मुलाला उपजत समाधी लागते, आणि पट्ट्यावर त्याच्या रेघा खरंच सगळ्यांत उंच असतात. परवा भाजी चिरतानाही तसाच थांबला होता असं किचनमधले म्हणाले. हे काय असू शकेल?

निवृत्त_तंत्रज्ञ_फोंडा

हे वाचून मी लगेच लिहायला बसले. बाकी सगळं बाजूला ठेवा, या मुलाकडे आधी बघा.

तुम्ही वर्णन केलंत ते समाधीचं नाही, फिटचं वाटतं. सगळ्याच फिटमध्ये माणूस पडतो, आखडतो असं नसतं. काही फिट अशाच असतात. माणूस मध्येच हरवतो, ओठ चघळतो आणि परत येतो, त्याला आठवत नाही. आम्ही तीन मिनिटं श्वास घ्यायला का लावायचो, तर अशा फिट त्यानेच बाहेर येतात. भिंगरी फुंकता फुंकता मूल थांबायचं आणि त्याच क्षणी पानभर टोकदार ठोका आणि मंद लहर अशी जोडी उमटायची, सेकंदाला तीन, घड्याळासारखी नियमित. मी मोठ्याने एक शब्द सांगायची, 'नारळ' वगैरे, आणि मूल परत आल्यावर विचारायची, काय म्हणाले मी? बहुतेक वेळा आठवत नसे. जाणीव गेली होती याचा पुरावा तो विसरलेला शब्द असायचा. आलेख आणि तो शब्द, दोन्ही मिळून निदान व्हायचं. ओठ चघळणं हे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या फिटमध्येही दिसतं. यातलं नेमकं काय ते डॉक्टरच ठरवतील, पट्ट्याच्या रेघेवरून मी ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका.

त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजीच्या ओपीडीत न्या, तुम्ही स्वतः सोबत जा. त्याला स्वतःला काहीच आठवत नसल्याने तो एकटा गेला तर 'मला काही होत नाही' असंच सांगेल. किचनमध्ये ज्याने पाहिलं त्यालाही न्या, नाहीतर फोनवर डॉक्टरांशी बोलायला लावा. पुन्हा झालं तर मोबाइलवर शूटिंग करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं, आणि नावाने हाक मारत राहा म्हणजे ओ देतो की नाही ते आवाजात येईल. मुद्दाम श्वास घ्यायला लावून मात्र शूटिंग करू नका. ते हॉस्पिटलात, डॉक्टर आणि ऑक्सिजन हाताशी असताना करायचं काम आहे. तपासणीला जाताना केस धुऊन, तेल न लावता, जेवून जाऊ द्या. पहिला ईईजी साफ आला तरी निर्धास्त होऊ नका. फिट असलेल्या साधारण निम्म्या लोकांच्या पहिल्या आलेखात काही सापडत नाही, झोपेत किंवा पुन्हा काढावा लागतो. गोळ्या सुरू झाल्या तर स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका. बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात, पुढे नोकरी, लग्न, संसार सगळं होतं, हे त्याच्या आईला नीट समजावून सांगा. घरात लाज वाटून लपवालपवी सुरू होते, ती पहिल्या दिवसापासून थांबवायला हवी.

तोवर त्याला जोरात श्वासाचा वर्ग पूर्ण बंद. सुरी आणि चुलीजवळचं काम दुसऱ्याकडे द्या, पगार न कापता. स्कूटर चालवू देऊ नका. समुद्रात, तळीत, विहिरीवर एकट्याला अजिबात जाऊ देऊ नका. कधी पडून आखडला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108.

आणि मालकांना सांगा, त्या मुलाला समाधी लागते असं पाहुण्यांपुढे पुन्हा म्हणायचं नाही. ओपीडीतून आल्यावर इथे लिहा, मी रोज बघते.